जनपदोद्ध्वंस : प्लेगच्या साथीतील राजसत्ता आणि समाज

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय ‘जनपदोद्ध्वंसनीय’ या नावाने प्रसिद्ध आहे. पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ, ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात, गंगातीरीच्या वनात शिष्यांसह संचार करीत असता भगवान पुनर्वसू आत्रेयांनी अग्निवेशाला जो उपदेश केला तो या अध्यायात ग्रथित झाला आहे. ऋतूंचे भाव बिघडलेले दिसतात, तेव्हा वनस्पती निःसत्त्व होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवा, असे आचार्य प्रथम सांगतात. त्यावर अग्निवेशाने विचारलेला प्रश्न मोठा मार्मिक आहे. माणसामाणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बल वेगळे, वय वेगळे; मग एकच व्याधी एकाच वेळी साऱ्या जनपदाचा नाश कसा करू शकते? आत्रेयांचे उत्तर असे, की प्रकृती निराळ्या असल्या तरी वायू, जल, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समान आहेत, आणि त्या बिघडल्या म्हणजे व्याधीही सर्वांना समान होते. त्या चारही बिघडण्याचे मूळ ते अधर्मात दाखवितात. आणि तो अधर्म प्रथम देश, नगर व जनपद यांच्या प्रमुखांकडून घडतो व मग त्यांच्या आश्रितांकडून आणि पौरजनांकडून वाढविला जातो, असा त्याचा क्रमही सांगतात.

या क्रमात राजा आणि प्रजा या दोघांनाही दोषाचा वाटा दिला आहे, ही गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. व्याधी जर सर्वांची, तर तिचा प्रतिकार एकट्या राजाच्या हुकमाने किंवा एकट्या प्रजेच्या श्रद्धेने होणार नाही, असा याचा सहज निघणारा अर्थ. प्राचीन ग्रंथातील हे सूत्र महाराष्ट्राला व त्याच्या शेजारच्या प्रांतांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फार मोठी किंमत देऊन नव्याने शिकावे लागले. तो काळ प्लेगचा. ज्याला त्या वेळचे वैद्य ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत आणि घरोघरच्या बायाबापड्या ‘गाठीचा ताप’ म्हणत, त्या रोगाने 1896 पासून पुढील पंचवीस-तीस वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. बेळगाव, धारवाड, पुणे, सातारा या भागांतील जुन्या पिढीत ‘प्लेगाच्या साली’ ही कालगणनाच होऊन बसली होती, आणि गाव सोडून माळावर झोपड्यांत काढलेले हिवाळे हा तिच्या आठवणींचा एक ठरलेला भाग होता.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एका डॉक्टरला आपल्या रोग्यांच्या जांघेत व काखेत गाठी आढळल्या. हा डॉक्टर गोव्याच्या बार्देश तालुक्यातील हडफडे गावचा. त्याचे नाव अकासियो गाब्रिएल व्हिएगश. ही साथ प्लेगची आहे हे त्यांनी निर्भयपणे जाहीर केले. व्यापाराची पेठ, गोद्यांतील धान्य आणि बंदरावरची जहाजे यांच्यावर ज्यांचे वैभव अवलंबून होते त्यांना हे निदान रुचणारे नव्हते. परंतु ते खरे ठरले. व्हिएगश पुढे मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले.

रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, 1894 मध्ये, हाँगकाँगला यर्सँ व कितासातो यांनी शोधला होता. तो माणसाच्या अंगात शिरतो कोणत्या वाटेने, हे मात्र अजून कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे सरकारने घाण, कोंदट हवा आणि रोग्याचा स्पर्श या तिन्हींवर एकदमच शस्त्र उपसले. गटारांतून कार्बोलिकचे आणि समुद्राच्या पाण्याचे लोट सोडले गेले. घरांची कौले काढून ऊन आत घेण्यात आले. 6 ऑक्टोबर 1896 रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार जाहीर केला, आणि महिना सरण्यापूर्वीच गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. स्नो यांनी मग ती सक्ती सैल केली. याचे त्यांनी नोंदविलेले एक कारण विचार करण्यासारखे आहे. शहरातील हलालखोर आणि बिगारी, म्हणजे झाडणारे व मैला वाहणारे लोक, भीतीने निघून गेले तर मुंबई राहण्यालायकच उरणार नाही, अशी त्यांना धास्ती वाटत होती. पुढे फेब्रुवारी 1897 पर्यंत जवळजवळ निम्मे शहर पळून गेले. ज्यांच्या सावलीलाही एरवी शहर टाळत असे, त्यांच्या राहण्यावर शहराचे राहणे अवलंबून आहे, हे सरकारी दफ्तराने त्या वर्षी स्पष्ट शब्दांत कबूल केले.

4 फेब्रुवारी 1897 रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याने अधिकाऱ्यांच्या हाती जवळजवळ अमर्याद अधिकार आले. त्या अधिकारांचा सर्वांत कठोर वापर पुण्यात झाला, आणि त्याची आठवण महाराष्ट्राच्या मनात आजही ताजी आहे.

पुण्याची कथा मात्र रँडपासून सुरू करणे न्यायाचे होणार नाही. साथ पुण्यात शिरली तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळील ससाण्यांच्या मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सत्यशोधक समाजाच्या कार्याचाच तो भाग होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या, त्यातच त्यांना रोगाची बाधा झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे देहावसान झाले. सरकारी तपासणीच्या तुकड्या पुण्याच्या गल्ल्यांतून हिंडू लागण्यापूर्वीच एका लोकसंस्थेने आपली सर्वांत मोठी व्यक्ती या कामी खर्ची घातली होती. हे पाऊल सरकारच्या हुकमाने उचललेले नव्हते, आणि सरकारने त्याची दखल घेऊन त्याला हात दिल्याचेही दिसत नाही. त्या वेळी दोन्ही बाजूंना एकमेकांची वाट सापडली असती तर पुढचा इतिहास निराळा झाला असता असे वाटल्यावाचून राहत नाही.

साताऱ्याहून आणलेले वॉल्टर चार्ल्स रँड हे पुण्याच्या प्लेग कमिटीचे प्रमुख झाले. मार्च ते मे 1897 या काळात गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर शिरून रोगी शोधू लागल्या. स्वयंपाकघरात आणि देवघरात बूट घालून जाणे, स्त्रियांना घराबाहेर उभे करून तपासणे, अंथरूण-पांघरूण व कपडेलत्ते जाळणे, भिंतींना चुना फासणे, शेजाऱ्यांनाही ‘संपर्कातले’ म्हणून छावणीत नेणे, अशा तक्रारींनी शहर दुमदुमले. यांतील काही तक्रारी ऐकीव होत्या. नामदार गोखले यांनी विलायतेत केलेला एक आरोप पुराव्याअभावी त्यांना मागे घ्यावा लागला आणि त्याची फार मोठी मानहानी त्यांनी सोसली; तेच गोखले पुढच्या साथीत स्वयंसेवकांबरोबर प्लेगच्या कामात उतरले, हा त्यांच्या थोरवीचा भाग. तथापि ऐकीव भाग वगळला तरी जे उरते ते थोडे नाही. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. 3 जुलै रोजी तो मरण पावला. सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

टिळकांचे या काळातील दुसरे काम खटल्याच्या झगमगाटात मागे पडले आहे. त्यांनी साथीच्या प्रतिबंधक उपायांना सरसकट विरोध केला नाही. रोग्याला वेगळे ठेवले पाहिजे, घर मोकळे केले पाहिजे, स्वच्छता राखली पाहिजे, हे ‘केसरी’ने सांगितले, आणि शहर सोडून निघून जाणाऱ्या पुढाऱ्यांना बोलही लावले. स्वतः टिळक पुण्यात राहिले व वर्गणी जमवून त्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय सुरू केले. तिथे रोग्याला आपल्या आचारविचाराप्रमाणे अन्नपाणी मिळे, आणि रुग्णालय आपल्याच माणसांनी चालविलेले आहे हा भरवसा मिळे. वरवर पाहता हे सारे किरकोळ वाटेल. परंतु रुग्णालयाच्या दारात पाऊल टाकताना सामान्य माणसाच्या मनात कोणती भीती होती हे पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. त्याला मरणाइतकीच भीती होती ती परक्या हातचे पाणी पिऊन, मुलाबाळांचे तोंड न पाहता, अंत्यसंस्काराच्या निश्चितीवाचून मरण्याची. रुग्णालय म्हणजे जेथून माणूस परत येत नाही ते ठिकाण, अशी समजूत रूढ होती, आणि प्लेगमधील मृत्यूंचे प्रमाण पाहता ती अगदीच निराधारही नव्हती. म्हणून लोक रोगी लपवीत. लपविलेला रोगी घरातच मरे, आणि घर रिकामे करण्याची वेळ निघून जाई.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. ज्या ज्ञानाच्या नावाने सरकारने घरांची दारे फोडली ते ज्ञान अर्धवट होते. जून 1898 मध्ये कराचीला पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांकडून पसरतो असा प्रयोगसिद्ध निष्कर्ष काढला. पण पुष्कळ वर्षे तो कोणी मानला नाही. 1905 नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत नव्या प्लेग कमिशनने चाचण्या केल्या तेव्हा कुठे तो सर्वमान्य झाला. गाठीचा प्लेग झालेल्या माणसाला स्पर्श केल्याने सहसा प्लेग होत नाही, हे त्यानंतर निश्चित झाले. म्हणजे आईच्या मांडीवरून मूल ओढून नेणे, शेजारच्या घरातील माणसे छावणीत कोंडणे, यांतील पुष्कळसे कठोर उपाय रोगाच्या खऱ्या वाटेवर पहारा न बसविता भलत्याच वाटेवर बसविलेले होते. उलट, उंदीर मरू लागताच घर सोडून माळावर झोपड्या घालण्याची लोकांची स्वतःची रीत शास्त्राच्या अधिक जवळ होती. कल्याणकारी प्रदेशाचा आश्रय करावा, हा चरकाने सांगितलेला उपायही याच जातीचा. अर्थात लोकांकडेही पूर्ण सत्य नव्हते. कित्येक ठिकाणी रोगालाच देवीचे रूप देऊन तिची आराधना झाली. बंगळूरला तर प्लेगम्मेचे देऊळ उभे राहिले. नवस बोलून स्वस्थ बसलेल्या घरातही पिसवा येतच होत्या.

मुंबईत मार्च 1897 मध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली. कायदा तोच आणि अधिकारही पुण्याप्रमाणेच. तरीही मुंबईत त्या वसंतात पुण्याचा प्रकार घडला नाही, याचे एक मुख्य कारण असे, की कमिटीने निरनिराळ्या जातीजमातींच्या प्रमुखांना बोलावून त्यांची स्वतंत्र रुग्णालये उघडण्यास उत्तेजन दिले. पारशांचे, खोजांचे, जैनांचे अशी अनेक रुग्णालये शहरात उभी राहिली. जमातीने पैसा, परिचारक व स्वयंपाकी द्यावेत आणि सरकारने नियम व देखरेख ठेवावी, असा हा व्यवहार होता. आपल्या माणसांचे रुग्णालय आहे असे कळताच लोक रोग्याला आपण होऊन आणू लागले. त्याच वर्षी पुढे ‘गॅझेटियर’कर्ते जेम्स कॅम्पबेल हे कमिटीचे अध्यक्ष झाले. लोकांच्या चालीरीतींचा इतका सखोल अभ्यास केलेला अधिकारी त्या काळी दुसरा क्वचितच सापडला असता. त्यांच्या काळातही 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्यात एका विणकर मुसलमानाच्या घरातील आजारी मुलीला नेण्यावरून मोठा दंगा झाला, गोळीबार झाला, माणसे मेली. एका दारावरचा एक अविचार वर्षभराच्या मेहनतीने जोडलेला विश्वास कसा घालवतो, याचे हे उदाहरण.

जातवार रुग्णालयांच्या या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची उणीव झाकणे योग्य नव्हे. ज्या जमातीत श्रीमंत शेट होते तिचे रुग्णालय झाले. ज्यांच्यात धनिक नव्हते, जे कोकणातून किंवा देशावरून पोटासाठी आलेले, दहा-बारा जणांत एका खोलीत राहणारे गिरणीकामगार होते, ज्यांना समाजाने गावाबाहेर ठेवले होते, त्यांच्यासाठी ‘आपले’ असे काही नव्हते. त्यांच्या वाट्याला सरकारी छावणीच आली. ‘आपल्या माणसांचे’ हा शब्द औषधाइतका गुणकारी ठरला खरा. पण त्या शब्दाच्या कुंपणाबाहेर कोण राहिले, हा प्रश्न धर्मसंस्थांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. सावित्रीबाईंनी ज्या मुलाला पाठीवर घेतले ते त्या कुंपणाबाहेरचे होते.

सक्तीच्या उपायांबरोबरच एक दुसरा उपाय तयार होत होता. ऑक्टोबर 1896 मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. ते ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ, आणि त्यापूर्वी बंगालमध्ये पटकीची लस टोचण्याचे काम केलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली व 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. लस म्हणजे धर्म बाटविण्याचे साधन, तिने पुरुषत्व जाते, तिच्यात गाईडुकरांचे मांस आहे, अशा अफवा पसरण्यास वेळ लागला नाही. त्या वेळी खोजा समाजाचे तरुण इमाम आगाखान पुढे आले. त्यांचे वय त्या वेळी अवघे विशीच्या घरात होते. त्यांनी आपल्या अनुयायांच्या समक्ष लस टोचून घेतली, एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा, आणि प्रयोगशाळेसाठी आपली इमारतही दिली. त्यानंतर हजारो खोजांनी लस घेतली. धर्मगुरूचा एक उघडा दंड शंभर जाहिरनाम्यांवर भारी पडला. सरकारला ही लस सक्तीने टोचता आली असती की नाही हा प्रश्नच वेगळा. तिचा खरा प्रसार झाला तो जिथे लोकांची संमती मिळाली तिथे.

गोवेकर व गुजरातेतील मराठी वाचकांना जवळची वाटावी अशी दोन उदाहरणे येथे देता येतील. 1897 मध्ये पोर्तुगीज अमलाखालील दमण येथे साथ आली. तेथील खालच्या वस्तीतील 8,230 लोकांपैकी 2,197 जणांनी लस घेतली व 6,033 जणांनी घेतली नाही. लस न घेतलेल्यांपैकी 1,482 जण मरण पावले, लस घेतलेल्यांपैकी 36. शेकडा प्रमाण काढले तर एकीकडे सुमारे साडेचोवीस आणि दुसरीकडे दीडच्या आसपास. तथापि जे लोक आपण होऊन टोचून घेण्यास आले ते मुळात अधिक सावध व सुस्थितीतील असतील, अशी शंका काढण्यास जागा होती. ती शंका फेब्रुवारी 1898 मध्ये बडोदा संस्थानातील उंडेरा या खेड्यात बरीचशी मिटली. तिथे गावकऱ्यांना कुटुंबवार बोलावून प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली व निम्म्यांना टोचली नाही. म्हणजे घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. पुढे ज्या 28 कुटुंबांत प्लेग शिरला त्यांत लस घेतलेली माणसे 71 होती व त्यांतील 3 दगावली. न घेतलेली 64 होती व त्यांतील 26 दगावली. एका खेड्यातील भाबड्या शेतकऱ्यांनी अर्धे घर पुढे करून जगाच्या वैद्यकशास्त्राला हा पुरावा मिळवून दिला. ज्या अर्ध्या घराला सुई लागली नाही त्यांच्याकडे आजच्या वैद्यकीय नीतीने कसे पाहावे, हा विचार मनाला बोचतो. पण तो काळच या प्रश्नापर्यंत पोचलेला नव्हता.

त्याच 1898 साली हुबळीला साथीने थैमान घातले. धारवाड-बेळगावच्या या टापूत हुबळी हे कापसाचे व रेल्वेचे मोठे केंद्र. तिथे डॉ. लॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाळ्याच्या अवघ्या चार-पाच महिन्यांत पस्तीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असे काम त्यापूर्वी कोठेही झालेले नव्हते. लस घेतलेल्यांना काही निर्बंधांतून मोकळीक मिळे, हे लोकांनी लस घेण्याचे एक कारण. आणि शेजारच्या घरात काय घडले हे डोळ्यांनी दिसत होते, हे दुसरे. या सर्व अनुभवांचा परिणाम होऊन 1900 च्या सुमारास सरकारी धोरणातील सक्ती बरीच ओसरली व संमतीला महत्त्व आले. तथापि विश्वास किती नाजूक असतो ते पंजाबातील मुलकोवाल गावी दिसून आले. 30 ऑक्टोबर 1902 रोजी तिथे लस टोचलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने मेले. दोष एका बाटलीच्या हाताळणीचा होता. पण ठपका हाफकिनवर आला. त्यातून त्यांची मुक्तता होण्यास 1907 साल उजाडले, आणि तोवर देशात प्लेगने लाखो माणसे मारली होती. परळच्या ज्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्यांचे नाव देण्यात आले तिच्यातून लशीचे काम मात्र अव्याहत चालू राहिले.

आता मुंबई इलाखा सोडून माळव्याकडे, होळकरांच्या इंदूरकडे वळले पाहिजे. मराठी माणसांनी वाढविलेल्या या नगरीत प्लेगच्या काळातील सर्वांत विलक्षण प्रयोग घडला, आणि तो घडविणारा डॉक्टर नव्हता किंवा सरकारी आरोग्याधिकारीही नव्हता. सर पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. 1914 मध्ये नगररचनेचे प्रदर्शन घेऊन ते हिंदुस्थानात आले. बडोद्यासाठीही त्यांनी 1916 मध्ये अहवाल लिहिला होता. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराच्या निमंत्रणावरून 1917-18 मध्ये ते इंदूरला काम करीत होते. जुनी वस्ती पाडून सरळ रस्ते काढण्याच्या पद्धतीला त्यांचा विरोध असे. जेवढे रोगट तेवढेच कापावे, बाकीचे राखावे, हे त्यांचे सूत्र. हातात नकाशे घेऊन हा पांढऱ्या दाढीचा गृहस्थ दिवसेंदिवस गल्लीबोळांतून हिंडे. खान आणि सरस्वती या नद्यांचे काठ, विहिरी, परसू, देवळांची अंगणे तो पाहत राही. लोकांनी मागच्या वीस वर्षांत एवढेच शिकले होते, की साहेब गल्लीत आला म्हणजे घर जाते. त्यामुळे शहरात बोलवा उठली, की प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच.

गेडिस यांनी पुढे स्वतः सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे, त्यांनी दरबाराकडे एक विचित्र मागणी केली : एक दिवसापुरते आपल्याला महाराज करावे. ती मान्य झाली. मग त्यांनी जाहीर केले, की यंदाची दिवाळीची मिरवणूक हिंदूंच्या नेहमीच्या मार्गाने जाणार नाही आणि मुसलमानांच्याही नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरील घरे अधिक स्वच्छ व दुरुस्त केलेली असतील त्या रस्त्यांनी ती जाईल. केरकचरा फुकट वाहून नेण्याची व्यवस्थाही जाहीर झाली. महाराजांची मिरवणूक आपल्या दारावरून जावी ही हौस कोणाला नसते? आळ्याआळ्यांत चढाओढ लागली. कचऱ्याच्या हजारो गाड्या शहराबाहेर गेल्या. उंदीर पकडले गेले, भिंती रंगविल्या गेल्या, देवळांना सफेदी लागली. रँडच्या शिपायांनी घरात घुसून जी सफाई करविली होती तीच सफाई इंदूरकरांनी दिवाळीच्या उमेदीने आपल्या हातांनी केली. येथे कायदा लागला नाही, सण पुरला. लक्ष्मीच्या स्वागतासाठी घर झाडणे हा तर आपल्या कुळाचारच आहे, गेडिस यांनी त्याला नुसती नगराची कक्षा दिली.

मिरवणुकीत प्रथम घोडेस्वार, उंट, हत्ती, तोफा असा राजेशाही थाट होता. त्यामागून देशाच्या पिकांचे व उद्योगांचे देखावे आले. मग एकाएकी सूर बदलला. मोडक्या घरांचे देखावे, रडवी वाद्ये, रोगांचे राक्षस, आणि त्यांच्यामध्ये रोगवाहक डासाची व तट्टाएवढ्या प्लेगच्या उंदराची आकृती. घाणीचा महाराक्षस सर्वांत उंच होता. त्याच्या पाठोपाठ शहरातील झाडूवाले आले. त्यांचे कपडे शुभ्र, झाडू नवे, झाडूंना फुले बांधलेली, गाड्या रंगविलेल्या, बैलांची शिंगे सजविलेली. एका दिवसाचे महाराज झालेले गेडिस आणि नगराध्यक्ष यांनी वृद्ध झाडूवाल्याशी सर्वांदेखत हस्तांदोलन करून त्याला पुष्पहार घातला. मुंबईच्या स्नोंना 1896 मध्ये ज्यांच्या निघून जाण्याची भीती वाटली होती, त्याच वर्गाला इंदूरने अशा रीतीने रस्त्याच्या मध्यभागी आणले. ही घटना त्या काळी किती धाडसाची होती हे सांगण्याची गरज नाही. त्यांच्यामागून लक्ष्मी आली, आणि मग नव्या इंदूरचे चित्र : हवेशीर घरांचे नमुने, बागा, फळेफुले. घरोघर तुळशीची रोपे वाटण्यात आली. शेवटी मैदानात घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांचे दहन झाले व आतषबाजी सुटली. रावणदहनाची रीत ज्यांच्या अंगवळणी पडलेली, त्यांना या दहनाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

त्या वर्षी प्लेग हटला, आणि लोकांनी त्याचे श्रेय गेडिस यांना दिले. केवळ मिरवणुकीने साथ गेली असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. साथ ऋतुमानाप्रमाणे चढते-उतरते, आणि एखाद्या वर्षी आपोआपही ओसरते. मात्र उंदरांचे आसरे मोडले, घरात ऊन आले, कचरा गेला, या गोष्टींचा उपयोग निश्चित होता, आणि तो पिसवांविषयीच्या सिद्ध ज्ञानाशी जुळणारा होता. तुळशीच्या रोपाविषयी एक शब्द लिहिला पाहिजे. ज्या घरात तुळस आहे तिथे रोज सकाळी अंगण झाडले जाते, सडा पडतो, पाणी घातले जाते. निदान त्या चार हात जागेवर घाण राहू शकत नाही. गेडिस यांनी हे ओळखूनच रोपे वाटली असावीत. 1918 मध्ये दरबाराला सादर झालेल्या त्यांच्या दोन खंडांच्या अहवालात त्यांनी सांडपाणी नळांतून नदीत सोडण्यापेक्षा बागांना द्यावे आणि झाडूवाल्यांना बागवान करावे असा विचार मांडला आहे.

तो अहवाल बाहेर पडला त्याच 1918 साली देशावर इन्फ्ल्युएन्झाचे संकट कोसळले. प्लेगने पंचवीस-तीस वर्षांत जेवढी माणसे नेली तेवढी, किंबहुना अधिकच, या साथीने काही महिन्यांत नेली. तिच्यावर लस नव्हती आणि औषधही नव्हते. मुंबईत तिची दुसरी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरात आली. बावीस वर्षांपूर्वी ज्या म्युनिसिपालिटीने रोगी नेण्यासाठी पोलिस पाठविले होते, तिच्या आरोग्यखात्याने आता लोकांकडे मदत मागितली. नारायण मल्हार जोशी यांनी 1911 मध्ये स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे स्वयंसेवक आणि निरनिराळ्या जातीजमातींच्या मंडळ्या चाळीचाळींतून हिंडून रोग्यांना औषध व दूध पोचवू लागल्या. या वेळी दारे आतून उघडली जात होती.